पाठमोरी सायकल

परवा सकाळी दारात एक तरुण उमेदवार आले. मागे पंधरा-वीस माणसं, गळ्यात उपरणं, हात जोडलेले. "आजी, आशीर्वाद असू द्या," एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. शेजारच्या कार्यकर्त्याने त्यांचं वाक्य पुरं केलं. मी म्हटलं, "कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. आणि दोन दिवस तोंड अगदी बंद."

कार्यकर्ता कानाशी वाकून म्हणाला, "आजी, परवाच प्रचार संपतोय. दोन दिवस तोंड बंद ठेवलं तर मग उरलं काय?"

मंडळी हसत जिना उतरून गेली आणि मी दार लावून कितीतरी वेळ एकटीच हसत बसले. कारण हे औषध माझं नव्हे, माझ्या वडिलांचं आहे. आमच्या नानांचं. या मतदारसंघात पूर्वी जे जे कोणी उभे राहिले, त्यातल्या बहुतेकांना त्यांनी हेच औषध दिलं. एकदा ते स्वतः उभे राहिले होते, तेव्हा स्वतःलाही दिलं. आमच्या मतदारसंघाचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर तो कोणत्या पक्षाचं कोण कधी आलं यावरून लिहील. मला विचाराल तर मी तो घशांवरून सांगू शकते.

निवडणुका आता चैत्रात येतात, आश्विनात येतात, कधीही येतात. पण बाहेर रिक्षावर भोंगा वाजायला लागला की माझ्यापुरता पौष सुरू होतो. ओवा घालून उकडलेल्या वालाच्या शेंगांचा वास येतो. पोस्टरं चिकटवायला आईने चुलीवर ढवळलेली खळ, नानांच्या दवाखान्यातलं निलगिरीचं तेल, आणि खाचरांत भात झोडून झाल्यावर हवेत तरंगणारी ती बारीक धूळ, अंगाला लागली की खाजणारी. हे सगळे वास एकमेकांत मिसळून माझ्यासाठी एकच वास झालाय, आणि त्याला मी मनातल्या मनात लोकशाहीचा वास म्हणते. नातवंडं हसतात, हसू देत.

मागच्या फेररचनेत आमच्या डोंबिवलीला स्वतःचा मतदारसंघ मिळाला, त्याचं मोठं कौतुक झालं. तेव्हा तसं नव्हतं. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा आम्ही कल्याणच्या पदराला बांधलेले होतो, आणि तो पदर इतका ऐसपैस की त्याच्या एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाची गावं नुसती ऐकून माहीत. डोंबिवली म्हणजे स्टेशन, स्टेशनापासून निघालेल्या चार आळ्या, विहिरी, आणि आळी संपली की लगेच भाताची खाचरं. पलीकडे ठाकुर्लीला रेल्वेचं पॉवरहाऊस रात्रंदिवस धडधडायचं, त्याच्या तारा आमच्या डोक्यावरून जायच्या आणि आमच्या आळीत मात्र कंदील. गावातले पुरुष सकाळी डबा घेऊन मुंबईला कचेरीत जायचे, दिवेलागणीला परत यायचे. शेतकरी आगरी मंडळी आपापल्या खाचरांत आणि मिठागरांत. आणि या दोन्ही दुनियांच्या मधून एक सायकल हिंडायची, ती नानांची.

नाना गावचे डॉक्टर. उंच, किंचित वाकलेले, डोक्याच्या मागच्या बाजूला वाटीएवढं टक्कल, अंगात बारा महिने तोच खाकी कोट आणि सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधलेली काळी पेटी. मानपाड्याकडच्या गावांत जायला तेव्हा रस्ता नव्हता, शेताचे बांध होते. बांधावरून सायकल चालवणं ही एक कला आहे आणि नानांना ती पूर्ण आली नव्हती. चिखल लागलेला कोट आई कितीदा धुवायची. पण त्यांची घंटी वाजली की तापाने फणफणलेलं मूलसुद्धा थोडं शांत व्हायचं, असं त्या मुलांच्या आयाच सांगायच्या.

असा माणूस राजकारणात कशाला गेला, हे सांगायला मला माझ्या मावशीबद्दल सांगावं लागेल. आईची धाकटी बहीण, कमलमावशी. पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. ती अडली. नाना होते, सुईण होती, पण जे करायला हवं होतं ते करण्याची सोय डोंबिवलीत कुठेच नव्हती. शेवटची गाडी निघून गेलेली. बैलगाडीत गादी घालून तिला कल्याणला न्यायला निघाले. बैलगाडी रेल्वेच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली. त्यानंतर आई कितीतरी महिने फाटकाच्या बाजूला गेली नाही, आणि नाना मात्र दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या साहेबाला जाऊन भेटू लागले. इथे एक प्रसूतिगृह हवं, दोन खोल्यांचं का होईना, हवं. साहेब मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि नानांना परत पाठवायचे.

निवडणूक जाहीर झाली तेव्हा नानांचे मित्र लेले मास्तर ओटीवर बसून म्हणाले, "तुम्ही साहेबांच्या दारात किती दिवस उभे राहणार, डॉक्टर? त्यापेक्षा विधानसभेच्या निवडणुकीत उभे राहा. अपक्ष. अहो, या पंचक्रोशीत तुमच्या हातचं औषध न प्यायलेला एक माणूस दाखवा मला."

नाना हसले आणि त्यांनी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "राहा उभे." एवढंच. पण तिने सूप खाली ठेवलं होतं, आणि आई बोलताना हातातलं काम खाली ठेवायची म्हणजे ते बोलणं पक्कं असायचं.

तेव्हाची मतदानाची तऱ्हा आजच्या मुलांना सांगितली तर खोटी वाटते. मतपत्रिकेवर शिक्का वगैरे मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचं चित्र चिकटवलेलं. पडद्यामागे सगळ्या पेट्या ओळीने मांडलेल्या. हातात मिळालेला कागद घेऊन आत जायचं आणि आपल्याला हव्या त्या चित्राच्या पेटीत टाकून यायचं. नानांना चित्र मिळालं सायकल. आम्हाला वाटलं देवच पावला. बाकीच्यांना आपलं चिन्ह लोकांना शिकवावं लागत होतं, आमचं चिन्ह गेली कित्येक वर्षं घंटी वाजवत दारोदार फिरत होतं.

मला स्वतःला मत नव्हतं, एकवीस पुरी व्हायला थोडी बाकी होती. पण उत्साह मतदारापेक्षा जास्त. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आईने हळदीकुंकू केलं आणि त्यातच प्रचार उरकला. येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू, पान, केळं, आणि निघताना आईचा एकच प्रश्न: "आपल्या गावात बाळंतिणीची सोय हवी की नको?" सगळ्या म्हणायच्या, "हवीच बाई." मग मी पुढे होऊन म्हणायची, "सायकल लक्षात ठेवा." त्या माझ्या गालाला हात लावून म्हणायच्या, "अगं, सायकल विसरेन कशी."

विसरल्या कुणीच नाहीत. तीच तर पंचाईत झाली.

लेले मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. प्रचाराचा मोठा बोर्ड त्यांनी रंगवायला घेतला. आठ दिवस त्यांनी तो कुणाला पाहू दिला नाही. मास्तरांचा हात झाडं, डोंगर, देवळं यांच्यावर उत्तम चालायचा. चेहरा मात्र त्यांना जमत नसे. गणपतीच्या आराशीत त्यांनी एकदा यशोदा काढली होती, ती आमच्या स्टेशनमास्तरांसारखी दिसायला लागली आणि ते बिचारे महिनाभर तोंड लपवत होते. तेव्हा नानांच्या बोर्डाला त्यांनी युक्ती केली. नानांना पाठमोरं काढलं.

बोर्ड फाटकापाशी उभा केला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, टोकाला मुंबईच्या मोठाल्या इमारती, त्यांच्यामागे उगवणारा सूर्य, आणि त्या रस्त्यावरून सायकलवर निघालेले नाना. खाकी कोट, कॅरियरला बांधलेली काळी पेटी, डोक्यावरचं वाटीएवढं टक्कल. इतके हुबेहूब की आईने तोंडाला पदर लावला. खाली लिहिलं होतं, "चला, डॉक्टरांना मुंबईला पाठवू या."

लोक यायचे, बोर्डासमोर उभे राहायचे. आधी हसायचे, टकलाकडे बोट दाखवायचे. मग हळूहळू गप्प व्हायचे. मला वाटायचं, भारावलेत.

त्या आठवड्यापासून दवाखान्यात गर्दी वाढली. नुसती वाढली नाही, उतू गेली. वर्षानुवर्षं दुखणारे गुडघे, जुने खोकले, मुलांचे किडलेले दात, कुणाच्या पाठीवरची चरबीची गाठ, सगळं एकदम उपचाराला आलं. कंपाउंडर गोपाळराव मिश्रणं ढवळून ढवळून दमले. एक बाई तर त्यांना म्हणाली, "माझं आम्लपित्ताचं औषध वर्षभराचं करून देता येईल का हो?" ओटीवर माणसं, अंगणात माणसं, विहिरीच्या कट्ट्यावर माणसं. नाना सकाळी प्रचाराला निघायचे ते दुपार झाली तरी अंगणाच्या बाहेर पडू शकायचे नाहीत. पण खूश होते. मला म्हणाले, "बघितलंस शालू? याला म्हणतात जनसंपर्क." त्यांचा घसा बसला तो भाषणांनी नव्हे, जीभ बाहेर काढा, दीर्घ श्वास घ्या, हे सांगून सांगून.

भाषण असं त्यांनी एकच केलं, गणपतीच्या देवळासमोर. भाड्याने आणलेला भोंगा मधूनच शिट्टी मारायचा. मैदान भरून माणसं आली होती. आगरी गावांतून बायका मुलांना खांद्यावर घेऊन आल्या होत्या. नाना म्हणाले, इथे रस्ता हवा. टाळ्या. नाना म्हणाले, इथे पाणी हवं. टाळ्या. इथे प्रसूतिगृह हवं, म्हणाले तेव्हा तर बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा बायका चारचौघांत टाळ्या वाजवत नसत. मग नाना म्हणाले, "आणि यासाठी तुम्ही मला मुंबईला पाठवा." मैदान चिडीचूप. भोंग्याने तेवढी शिट्टी मारली. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मला वाटलं, लोक भावनावश झालेत. माणसाला जे वाटायला हवं असतं ते वाटून घ्यायला फारसं काही लागत नाही.

मतदानाचा दिवस सणासारखा गेला. थंडी मनसोक्त होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, नथा घालून शाळेत रांगेत उभ्या. आगरी बायकांनी केसांत फुलं माळलेली. पुरुषांनी टोप्यांना इस्त्री केलेली. आपल्याला सरकारने नावाने बोलावलंय याचा आनंद प्रत्येकाच्या तोंडावर होता, आणि बोटाला लागलेली शाई लोक एकमेकांना दाखवत होते. आई मत देऊन बाहेर आली ती चेहऱ्यावर मोठं समाधान घेऊन. माझ्या कानात म्हणाली, "अगं, आपल्या सायकलच्या पेटीवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलंय. झाकणभर." आम्ही मायलेकी तिथेच हसलो. आता जिंकलोच, असं मला वाटलं. घरून निघालेल्या माणसालाही कुंकू लावतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मतमोजणी कल्याणला झाली. लेले मास्तर आणि गोपाळराव तिकडे गेले होते. संध्याकाळी परत आले ते अंगणातच घुटमळत राहिले. शेवटी मास्तर ओटीवर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "डॉक्टर, खाडीपलीकडच्या गावांनी आपल्याला चांगली मतं दिली."

नाना म्हणाले, "खाडीपलीकडे? तिथे तर मी कधी गेलोच नाही."

"हो. तिथे बरी पडली."

"आणि इथे? आपल्या शाळेत?"

मास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. तेव्हा प्रत्येक केंद्राच्या पेट्या वेगवेगळ्या उघडून मोजायचे, त्यामुळे कुठे काय झालं ते झाकून राहत नसे. आमच्या शाळेतली सायकलची पेटी उघडली तेव्हा मोजणाऱ्या साहेबाला ती रिकामीच वाटली. त्याने उलटी करून हलवली. थोडं कुंकू सांडलं आणि एक कागद पडला. एक मत.

ज्या गावांनी नानांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनी त्यांना मतं दिली होती, आणि ज्या गावाच्या प्रत्येक घरात त्यांनी नाडी धरली होती तिथे एक. मी रडले. मला राग आला, सगळ्यांचा आला, त्या गालाला हात लावणाऱ्या बायकांचा तर फारच. नानांनी आईकडे पाहिलं, आई त्यांच्याकडे बघत होती, बराच वेळ. मग ते उठून सायकलच्या चाकात हवा भरायला लागले. चाकात हवा पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात सगळं गाव. आजारी फारसं कोणी नव्हतं. कुणी पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या, कुणी नवे तांदूळ, कुणी पाटीभर मीठ, कुणी खाडीतली निवटी, म्हणजे चिखलातले मासे. आम्ही ब्राह्मण, निवट्यांचं काय करायचं हे आईला कळेना, पण तिने घेतली. आणि प्रत्येक जण आत येऊन नानांच्या कानाशी हळूच तेच सांगत होता. पोस्टमास्तर म्हणाले, "डॉक्टर, लोक कृतघ्न. पण ते एक मत माझं बरं का." किराणा दुकानदार म्हणाले, "बाकीच्यांचं मला माहीत नाही, ते एक मत आमच्या घरचं." गोपाळराव औषधाच्या बाटल्या पुसत पुसत म्हणाले, "आता तुम्हाला सांगायला काय हरकत आहे, ते माझं." लेले मास्तर तर शपथ घ्यायला निघाले, त्यांना नानांनी थांबवलं. त्या दिवशी दुपारपर्यंत ते एक मत निदान अर्ध्या गावाचं झालं होतं. नाना प्रत्येकाला म्हणत होते, "आभारी आहे."

खरं बोलली ती एकटी चांगूबाय. मानपाड्याच्या अलीकडच्या गावातली, डोक्यावर शेंगांची पाटी घेऊन बाजारात यायची. तिने पाटी ओटीवर टेकवली, कमरेवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "डाक्टर, मी तुला मत नाय दिलां."

अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"का गं?" नाना म्हणाले.

"तू मंबईला गेला असतास तं आमी कोनाकडं जावाचा? माजे सुनेचे दिस भरलेले. तिला काय तुजे मंबईच्या साहेबांनी बघितला असता?"

"अगं पण चांगूबाय," नाना म्हणाले, "मी काही तिकडे राहायला जाणार नव्हतो. सभा असेल तेव्हा सकाळी गेलो असतो, संध्याकाळी परत आलो असतो. हे सगळे रोज जातात ना कचेरीत? परत येतात ना?"

अंगणातली ती सगळी कचेरीत जाणारी माणसं आपल्या चपलांकडे बघायला लागली. रोज मुंबईला जाऊन रोज परत येणारं अख्खं गाव, आणि त्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. चांगूबाय मात्र डगमगली नाही.

"त्या बोर्डावरचा तू परत येताना दिसलाच नाय," ती म्हणाली. "आमाना नुसती पाठ दिसली."

पहिले हसले ते नाना. इतके हसले की खांब धरावा लागला. मग अंगण हसलं. लेले मास्तर तेवढे खांबामागे उभे होते. चांगूबायच्या सुनेला त्याच आठवड्यात मुलगा झाला. अवघड बाळंतपण होतं, नाना दोन दिवस तिकडेच होते. तो मुलगा आता आजोबा झालाय, वडिलांच्या जमिनीवर त्याची मोठी इमारत उभी आहे, आणि भेटला की मला वाकून नमस्कार करतो. त्याच्या जन्मापायी आम्ही निवडणूक हरलो हे मी त्याला अजून सांगते आणि तो दर वेळी नव्याने हसतो.

निवडून आले ते कल्याणकडचे एक गृहस्थ. नाव सांगत नाही, सज्जन होते. आभाराच्या सभा घेऊन घेऊन त्यांचा घसा बसला आणि कुणीतरी त्यांना नानांकडे आणलं. हरलेला उमेदवार जिंकलेल्याच्या घशात बॅटरी मारून बघतोय, हा देखावा बघायला खिडकीत पोरं लोंबकळत होती. नानांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. ते फीसाठी खिशात हात घालायला लागले तेव्हा नाना म्हणाले, "फी राहू द्या. घसा मोकळा झाला की आमच्या प्रसूतिगृहाबद्दल दोन शब्द बोला." ते बोलले असं म्हणतात. दोनच बोलले असावेत.

पुढची निवडणूक आली ती वेगळ्याच वाऱ्याने. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, घोषणांनी गावच्या गाव घोगरे झालेले. मीठ त्या वर्षी मिठागरांतून थेट दवाखान्यात येत असावं असं वाटे. आमच्या भागाच्या सीमा जरा इकडे तिकडे सरकल्या, काही गावं गेली, काही आली. नवे प्रतिनिधी आले, त्यांचाही घसा गेलेला. नानांनी त्यांनाही जीभ बाहेर काढायला लावली आणि जीभ बाहेर असतानाच प्रसूतिगृहाचा विषय काढला. त्या अवस्थेत माणसाला नाही म्हणता येत नाही. हेही सज्जन होते. मान हलवली ती पाळली. मंजुरी आली. जागा एका आगरी शेतकऱ्याने दिली, विटा कुणी दिल्या, लाकूड कुणी. ज्यांनी मत दिलं नव्हतं ते सगळे पाट्या उचलायला हजर. पोस्टमास्तर धोतर खोचून गारा कालवत होते आणि गवंड्याला सांगत होते, "ते एक मत माझं होतं."

दोन खोल्या, एक पडवी, एक विहीर. उद्घाटनाला प्रतिनिधी आले, घसा ठीक होता त्यामुळे भाषण लांबलं. दारावरचा बोर्ड लेले मास्तरांनी रंगवला. या वेळी त्यांनी हट्टाने नानांना समोरून काढलं, सायकलवरून गावाकडे परत येताना. चेहरा अर्थातच जमला नाही. नाना त्यात आमच्या स्टेशनमास्तरांसारखे दिसत होते. पण चांगूबाय बोर्डासमोर उभी राहिली, नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "हां. आता बराबर."

नाना थकल्यावर ओटीवर आरामखुर्चीत बसायचे. तोवर किती निवडणुका होऊन गेल्या, मतदारसंघाच्या नकाशावर किती वेळा कात्री फिरली. तरी येणारा जुना माणूस जाताना हटकून म्हणायचा, "डॉक्टर, ते एक मत." नाना हात जोडून म्हणायचे, "आभारी आहे." एकदा असेच एक जण गेल्यावर मी वैतागून म्हटलं, "नाना, तुम्ही ऐकून कसं घेता? ते एक मत तुमचं स्वतःचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल."

नाना म्हणाले, "माझं नव्हतं."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"पडद्यामागे गेलो," ते म्हणाले, "सायकलची पेटी समोर. कुंकू वाहिलेली. कागद हातात. आणि चांगूबायची सून आठवली. बाळ आडवं होतं. म्हटलं, निवडून आलो आणि नेमकं त्याच दिवशी बोलावणं आलं तर? टाकला कागद शेजारच्या पेटीत."

"मग ते मत कुणाचं?"

उंबऱ्यात आई पावट्याचे दाणे सोलत बसली होती, तिच्याकडे नानांनी पाहिलं. आईने मान वर केली नाही, पण हातातली शेंग खाली ठेवली.

"पेटीत एकच निघालं तेव्हाच मला कळलं, यांनी काय केलं ते," ती म्हणाली. "मला गाव काय म्हणतं याच्याशी कर्तव्य नव्हतं. कमळीला फाटकातून परत आणलं होतं. मला प्रसूतिगृह हवं होतं."

माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत. मग नाना म्हणाले, "शालू, आपल्या गावात मला एकच मतदार होता. त्याचं काम न करून कसं चाललं असतं?"

आईने शेंग पुन्हा उचलली आणि म्हणाली, "काम झालं, पण किती वर्षांनी झालं, तेही सांगा तिला. मधे एक निवडणूक उलटून गेली."

"चुकलं," नाना म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून तिच्याबरोबर दाणे सोलायला बसले.